लाल मातीत मुळं का खुंटतात? माथेरानचा जांभा, कर्जतचं भातखाचर आणि अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट

पाऊस चांगला, खत वेळेवर, तरीही रोप पिवळं आणि खुरटं. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी. संशय आधी किडीवर जातो, मग खतावर. आम्लधर्मी जमिनीत मात्र याचं कारण मातीतलं अ‍ॅल्युमिनियमही असू शकतं.

हे अ‍ॅल्युमिनियम येतं कुठून?

ते मातीतच असतं. पृथ्वीच्या कवचात त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. एरवी ते खनिजांमध्ये बंदिस्त असल्याने पिकाला त्रास होत नाही. पण मातीचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की ते पाण्यात विरघळू लागतं. मग काही तासांतच मुळांच्या टोकांची वाढ मंदावते. शिवाय ते स्फुरद धरून ठेवतं. त्यामुळे खत घालूनही पीक उपाशी राहतं.

कर्जत-खालापुरात काय स्थिती आहे?

इथे सरसकट उत्तर नाही. कर्जत तालुक्यातल्या माथेरानच्या माथ्यावर लाल जांभा आहे. शतकानुशतकांच्या मुसळधार पावसाने त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून गेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. खालच्या भातशेतीची गोष्ट वेगळी आहे. कृषी विभागणीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग जांभ्या जमिनीच्या पट्ट्यात येतात, तर रायगड-ठाणे बिगरजांभ्या पट्ट्यात.

त्यातही भातखाचराला पाण्याचं संरक्षण असतं. पाणी साचून राहिलं की आम्ल मातीचा सामू वाढत उदासीन पातळीकडे जातो आणि अ‍ॅल्युमिनियम पुन्हा घट्ट होतं. नाचणी-वरीच्या उताराच्या वरकस जमिनीला हे संरक्षण मिळत नाही.

झाडं काय करतात?

गव्हाच्या सहनशील जाती मुळांतून मॅलिक आम्ल सोडतात, ज्वारीच्या जाती सायट्रिक आम्ल. ही आम्लं अ‍ॅल्युमिनियमला बाहेरच बांधून ठेवतात. भात हे तृणधान्यांतलं सर्वात सहनशील पीक मानलं जातं. ते अ‍ॅल्युमिनियम पेशीत घेतं आणि आतल्या कप्प्यात कोंडून ठेवतं. चहाचं झाड तर ते पानांमध्ये साठवतं.

राबाचा काय संबंध?

रोपवाटिकेची जागा पालापाचोळा, फांद्या आणि शेण टाकून भाजण्याची पद्धत या भागात जुनी आहे. राख अल्कधर्मी असते, त्यामुळे तेवढ्या जागेची आम्लता काही काळ कमी होते. अर्थात त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि धूरही होतो.

मग चुना टाकायचा का?

आधी माती तपासा. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यात अ‍ॅल्युमिनियम नाही, पण सामू आहे, आणि तोच पहिला इशारा. सामू ५.५ पेक्षा कमी असेल तर चुना आणि शेणखत उपयोगी पडतं. सामू ठीक असताना चुना टाकला तर पैसे वाया जातात, वर जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं. किती टाकायचा, हे कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात विचारता येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र भाताच्या 'कर्जत' जातींसाठी ओळखलं जातं.

फार्महाऊसच्या बागेसाठी डोंगरातली लाल माती भरून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. माती दिसायला सुंदर असली तरी झाड लावण्याआधी तिचा सामू बघा.