विश्लेषण : नाथसागरावर पक्षी घटले, की पाणी वाढले?

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्यानंतर ‘पक्षी वाढले’ किंवा ‘पक्ष्यांनी पाठ फिरवली’ एवढ्यावर चर्चा थांबते. जायकवाडीच्या बाबतीत मात्र नुसता आकडा फसवा ठरू शकतो.

अभयारण्य नेमके कुठे?

धरणाची भिंत पैठणला असल्याने जायकवाडी म्हटले की छत्रपती संभाजीनगर आठवते. पण १९८६ मध्ये जाहीर झालेले ३४१.०५ चौरस किलोमीटरचे हे पक्षी अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्यातही पसरले आहे. शेवगाव, नेवासा तालुक्यांतील अनेक गावे नाथसागराच्या काठावर आहेत. पाणी जलसंपदा विभागाचे, पक्षी वन विभागाचे, अशी ही वाटणी.

पाणीपातळीचा संबंध काय?

जायकवाडी हे खोल नव्हे, पसरट धरण. एकूण साठा १०२ टीएमसीहून अधिक, त्यात सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी मोठा काठ उघडा पडतो. त्या चिखलात आणि उथळ पाण्यात किडे, गोगलगायी, पाणवनस्पती असतात. शेकाट्या, तुतवार, रोहित यांचे पोट त्यावरच भरते. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी जानेवारीतही हा पट्टा पाण्याखाली राहतो आणि पक्षी आसपासच्या तलावांकडे पांगतात. आकडा घटतो, पण पक्षी संपलेले नसतात. दुष्काळी वर्षी उलटे होते. उरलेल्या पाण्याभोवती गर्दी होते आणि आकडा फुगतो. गणनेच्या दिवशीचा पाणीसाठा शेजारी नसेल तर ती संख्या अर्धीच माहिती देते. साठ्याची नोंद जलसंपदा विभागाकडे रोज असते, त्यामुळे हे जुळवणे अवघड नाही.

ही पातळी निसर्ग एकटा ठरवत नाही. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर मुळा, भंडारदरा-निळवंडे आणि नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय येतो. नगरकरांना हा वाद पाठ आहे. त्यात पक्ष्यांचे नाव मात्र कुणी घेत नाही.

शेतकऱ्यांशी संघर्ष आहे का?

आहे. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पक्ष्यांचे खाद्य आणि शेतकऱ्याचे पीक एकाच पट्ट्यात येते. पट्टकदंब, चक्रवाक कोवळ्या पिकांतही चरतात. धरणात जमीन गेलेल्या गावांना ‘पक्ष्यांसाठी गाळपेर सोडा’ असे सांगणे सोपे नाही, आणि नुकसानीचा हिशेब न करता सांगितले तर ते न्यायाचेही नाही.

गणना कशी व्हायला हवी?

हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. त्यातला शंभराचा गट नजरेने बांधून पुढचा अंदाज केला जातो. त्यात चूक होतेच, म्हणून ठिकाणे, वेळ आणि पद्धत दरवर्षी तीच ठेवणे महत्त्वाचे. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. पैठण, शेवगाव, नेवासा अशा सर्व बाजूंनी एकाच सकाळी मोजणी झाली नाही, तर एकच थवा दोनदा मोजला जातो किंवा साफ सुटतो.

आताच हा प्रश्न का?

जलाशयावर तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. त्याला विरोध करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. अभयारण्याभोवती २०१७ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर आहे, तरीही. पॅनेल खोल पाण्यावर की उथळ काठाजवळ, यावर पक्ष्यांचे नुकसान बरेचसे अवलंबून राहील. जागा निवडण्याआधी कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, किती पाणी असताना कोणते पक्षी असतात, याच्या नोंदी हव्यात. प्रकल्प उभा राहिल्यावर केलेल्या गणनेची तुलना करायला काहीच उरणार नाही.

आणखी एक कारण आहे. गोदावरीवरच, वरच्या अंगाला असलेले नांदूर मधमेश्वर राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. जायकवाडीला तो दर्जा नाही. नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणे, हा रामसरचा एक निकष. त्यातला ‘नियमितपणे’ हा शब्द एका वर्षाच्या गणनेने सिद्ध होत नाही.