आरोपीचा जबाब आणि समीक्षेचा निवाडा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'स्ट्रेंज केस ऑफ डॉ. जेकिल अँड मि. हाइड' ही लघुकादंबरी १८८६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. तिच्यावर सर्वांत मोठा अन्याय तिच्या लोकप्रियतेने केला आहे. पदव्युत्तर वर्गात तौलनिक साहित्याच्या निमित्ताने ती शिकवताना एकच अनुभव पुन्हापुन्हा येतो : संहिता न उघडताच विद्यार्थी तिचा 'अर्थ' सांगून मोकळे होतात. प्रत्येक माणसात एक देव आणि एक दानव असतो, जेकिल हा देव, हाइड हा दानव, प्रश्न मिटला! विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मार्गदर्शिकांतून आणि व्याख्यानांतून हे सूत्र आपणच त्यांना पुरवले आहे. हा अन्वयार्थ अपुरा आहे एवढेच माझे म्हणणे नाही. तो चुकीचा आहे, आणि खलपुरुषाभोवतीचे भय ज्या रचनेतून निर्माण होते ती रचनाच तो दृष्टिआड करतो, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम रचनेकडे पाहू. दहा प्रकरणांपैकी पहिली आठ तृतीयपुरुषी निवेदनात आहेत आणि हे निवेदन बहुतांशी अटरसन या वकिलाच्या पाठोपाठ चालते. नववे प्रकरण म्हणजे डॉ. लॅनयनचे निवेदन, दहावे म्हणजे जेकिलचा कबुलीजबाब. जेकिल आणि हाइड एकच आहेत ही गोष्ट नवव्या प्रकरणाच्या अखेरीस उघड होते. याचा अर्थ असा, की ज्या द्वैताला आपण या कृतीचा गाभा मानतो त्याचा पहिल्या वाचकाला आठ प्रकरणे पत्ताच नव्हता. तरीही त्याला हाइडचे भय वाटत होते. हे भय कोठून आले, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

हाइडच्या वर्णनातून ते आलेले नाही. 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) मधील निर्मित प्राण्याची पिवळी त्वचा आणि काळे ओठ, किंवा 'ड्रॅक्युला' (१८९७) मधील काउंटचा तपशीलवार रेखाटलेला चेहरा आठवावा. त्या तुलनेत हाइडचा चेहरा कोराच आहे. पहाटे तीनच्या सुमारास एका लहान मुलीला तुडवून जाणारा हाइड एनफील्डने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर अजूनही उभा आहे असे तो सांगतो. पण त्याच्यात नेमके काय विकृत आहे, हे त्याला सांगता येत नाही. सर डॅनव्हर्स कॅरूच्या खुनानंतर हाइडचा शोध सुरू होतो, तेव्हा त्याचे छायाचित्र सापडत नाही आणि ज्यांनी त्याला पाहिले त्यांची वर्णने परस्परांशी जुळत नाहीत. एकमत होते ते शब्दात न सापडणाऱ्या एका विकृतीच्या जाणिवेबद्दल.

येथे भारतीय काव्यशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते; मात्र 'येथे भयानक रस आहे' असा शिक्का मारण्यासाठी नव्हे. या कृतीत आलंबन विभाव, म्हणजे हाइड, जवळजवळ रिक्त ठेवलेला आहे आणि अनुभाव मात्र सविस्तर रेखाटले आहेत. भय हाइडच्या चेहऱ्यावर नाही, त्याला पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आहे. त्या मुलीसाठी आलेला डॉक्टर रुक्ष, भावनाशून्य वाटणारा गृहस्थ आहे. तोही हाइडकडे पाहताच पांढराफटक पडतो. परंतु एनफील्ड या वैवर्ण्याचे कारण भीती असे सांगत नाही. हाइडला ठार मारण्याची इच्छा, हे ते कारण. तीच इच्छा आपल्याही मनात होती आणि दोघांनीही ती एकमेकांच्या मनात ओळखली, असे तो सांगतो. वैवर्ण्य भयातून जसे उपजते तसे क्रोधातूनही, हे भरताने नोंदवलेच आहे. स्टीव्हन्सनने हा दुहेरीपणा नेमका हेरला आहे. हाइडसमोर उभा राहिलेला सभ्य माणूस स्वतःच्या मनातली हिंसा अनुभवतो, आणि वाचकाला ज्याचा थरकाप वाटतो ते हे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. हाइडला वानराची उपमा दिलेली आहे, त्याचा हात केसाळ आहे. तेव्हा उत्क्रांतिवादाच्या छायेतील 'अधःपतित' मानवाचे ते चित्र नव्हे काय? त्या काळाचे भय त्यात मिसळले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु यांतील बहुतेक तपशील उपमांच्या रूपात येतात आणि उपमा सुचली की साक्षीदार तिथेच अडखळतो, दुसरी शोधू लागतो. केसाळ हाताचे वर्णन तर शेवटच्या प्रकरणात, खुद्द जेकिलच्या लेखणीतून येते. तोपर्यंत भयाचे काम होऊन गेलेले असते.

आता दुसरा घटक : मौन. एनफील्ड आणि अटरसन या विषयावर पुन्हा बोलायचे नाही असा करार करतात. लॅनयन आपली हकीकत मोहोरबंद करतो; जेकिलचा मृत्यू झाल्याशिवाय वा तो नाहीसा झाल्याशिवाय ती उघडायची नाही. हाइडचे पत्र जेकिलच्याच हस्ताक्षराशी जुळते, हे कारकून गेस्ट दाखवून देतो. जेकिलने एका खुन्यासाठी बनावट पत्र लिहिले अशी अटरसनची समजूत होते, त्याचे रक्त गोठते, आणि तो ते पत्र तिजोरीत कुलूपबंद करतो. कायद्याचा हा माणूस खुनाच्या तपासातील पुरावा पोलिसांकडे नेत नाही. बंद दारे, बंद लिफाफे, बंद तोंडे : हाइडचे भय या प्रतिष्ठितांच्या व्यवहाराने पोसलेले आहे. त्यांनी मुलीच्या कुटुंबासाठी हाइडकडून शंभर पौंड वसूल केले तेही बदनामीची धमकी देऊन. नाव खराब होणे ही या जगातली सर्वांत मोठी शिक्षा आहे, आणि म्हणूनच हाइडला आश्रय मिळतो.

मग देव-दानवाचे सूत्र आले कोठून? ते जेकिलच्या कबुलीजबाबातून आले. मनुष्य एक नसून दोन आहे, हा सिद्धान्त मांडणारा माणूस स्वतः आरोपी आहे आणि तो आपल्या बचावासाठी बोलतो आहे. त्याचा जबाब वाचल्यानंतर निवेदन अटरसनकडे परत येत नाही. कृतीने निवाडा दिलेला नाही. तो समीक्षकांनी दिला, आणि आरोपीच्याच शब्दांत दिला! शिवाय आरोपीची साक्षही आपण नीट वाचलेली नाही. औषध घेण्यापूर्वीच आपण दुटप्पी आयुष्य जगत होतो, हे जेकिल स्वतः सांगतो. औषधाने शुद्ध दुष्टता वेगळी झाली, शुद्ध चांगुलपणा नव्हे. जेकिल पूर्वीसारखाच संमिश्र राहिला. 'दोन' ही संख्यादेखील अंतिम नाही, पुढे आणखी अनेक सापडतील, असा तर्कही त्याच जबाबात आहे. यात देव कोठे आहे?

रंगभूमी आणि चित्रपट यांनी या गैरसमजाला बळ दिले. १८८७ मध्ये रिचर्ड मॅन्सफील्डने प्रेक्षकांसमोर रूपांतर करून दाखवले. १९३१ च्या रूबेन मामुलियनच्या चित्रपटात फ्रेडरिक मार्चने तेच केले. संहितेत मात्र समोरच्या साक्षीदाराला संपूर्ण रूपांतर एकदाच दिसते, तेही नवव्या प्रकरणात. पुढे १९२३ मध्ये फ्रॉइडने मांडलेली इद आणि अहं यांची परिभाषा मागे नेऊन या कृतीवर चिकटवण्यात आली, आणि हाइड हा प्रत्येकाच्या मनातला खाजगी रहिवासी झाला. हा अन्वयार्थ इतका सोयीचा का ठरला, हे उघड आहे. दानव सर्वांतच असेल तर तिजोरीत पत्र ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारायचा नाही.

आपल्याकडे भयकथेची समीक्षा याच दोन टोकांत अडकते. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा एक तर 'रंजन' म्हणून बाजूला सारायच्या, किंवा 'मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचे दर्शन' असे प्रशस्तिपत्र देऊन गंभीर साहित्यात दाखल करून घ्यायच्या. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न टळतो : भय कोणाच्या नजरेतून निवेदित होते, आणि ती नजर काय लपवते? हा प्रश्न विचारण्यासाठी संहिता पहिल्या पानापासून वाचावी लागते, आणि शेवटच्या प्रकरणातला जबाब हा जबाब म्हणूनच वाचावा लागतो.