हशा कोणाचा? : ‘येस मिनिस्टर’चा मराठवाडी प्रेक्षक आणि समीक्षेचे मौन

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी प्रेक्षक काय बोलतात याचा साहित्यसमीक्षेशी काडीचाही संबंध नाही, असे विधान काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांनी केले, आणि सभागृहाने ते टाळ्यांच्या गजरात स्वीकारले. टाळ्या वाजविणारे हेही प्रेक्षकच होते आणि त्या टाळ्या हेही एक मतच होते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही. निमित्त एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या निबंधाचे होते. दूरदर्शनने पूर्वी दाखविलेल्या ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकेविषयी त्याने शहरातल्या जुन्या प्रेक्षकांची मते जमविली होती. त्याला ‘संहितेकडे वळा’ असा सल्ला देऊन खाली बसविण्यात आले. त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे कोणी म्हटल्यास माझी हरकत नाही.

‘संहितेकडे वळा’ हा सल्ला आपण शिरोधार्य मानू आणि खरोखरच संहितेकडे वळू. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका बीबीसीने १९८० ते १९८४ या काळात प्रक्षेपित केली. ‘येस, प्राइम मिनिस्टर’ हा तिचा उत्तरभाग १९८६ ते १९८८ मध्ये आला. जिम हॅकर हा मंत्री, सर हम्फ्री अॅपल्बी हा त्याचा सचिव आणि बर्नार्ड वुली हा दोघांच्या मध्ये सापडलेला खाजगी सचिव. मंत्र्याने काही करायचे ठरवावे आणि सचिवाने ते होऊ नये अशी व्यवस्था करावी, एवढेच बहुतेक भागांचे कथानक. या मालिकेचे भाग स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे त्या प्रेक्षकांचा हशा हा संहितेबाहेरचा प्रतिसाद राहिला नाही, तो संहितेचाच घटक झाला. वोल्फगांग ईझर ज्याला संहितेत गृहीत धरलेला वाचक म्हणतो, तो इथे कल्पनेने शोधावा लागत नाही. तो कानांनी ऐकू येतो. कुठे हसायचे, किती हसायचे, कोणत्या शब्दानंतर श्वास रोखून थांबायचे, हे लंडनच्या स्टुडिओतील काही माणसांनी आधीच ठरवून दिलेले आहे. आणि हे सगळे आमच्या शहरात एखाद्या दिवाणखान्यात, त्याच हशासकट, इंग्रजीतून येऊन पोचले.

मग समीक्षेचा पहिला प्रश्न अगदी साधा होतो. तिथे हशा पिकला तेव्हा इथे कोण हसले, आणि कोण हसले नाही?

हा प्रश्न विचारायला आमची समीक्षा तयार नाही, आणि याबाबतीत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन संप्रदाय आश्चर्यकारकरीत्या एकत्र येतात. मर्ढेकरांच्या वारशाने कलाकृतीची स्वायत्तता जपणारे म्हणतात, प्रेक्षकाची प्रतिक्रिया ही मानसशास्त्राची बाब, सौंदर्यशास्त्राची नव्हे. देशीवादाचा झेंडा घेणारे म्हणतात, ब्रिटिश मालिका पाहून खूश होणारा प्रेक्षक हा वसाहतीची उरलेली सावली, त्याला काय विचारायचे? एकाच्या लेखी तो असंस्कृत, दुसऱ्याच्या लेखी तो अतिसंस्कृत. प्रत्यक्षात त्याच्या घरी जाऊन दार वाजविण्याचे कष्ट दोघांनीही घेतलेले नाहीत. नेमाड्यांच्या देशीयतेच्या मांडणीतील मूळ आग्रह तर समीक्षेने आपल्या मातीतला अनुभव प्रमाण मानावा असा होता. त्यांचे नाव घेणाऱ्यांना मातीतला प्रेक्षक मात्र नकोसा होतो.

याहून विनोदी स्थिती तिसऱ्या गटाची आहे, आणि तो गट आपल्या विद्यापीठीय वर्तुळातच आहे. हान्स रॉबर्ट याउसचे ‘अपेक्षाक्षितिज’, स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये मांडलेले संकेतन आणि निःसंकेतन, प्रेक्षकाच्या अनुकूल, तडजोडीच्या आणि विरोधी अशा तीन भूमिका हे सगळे प्रश्नपत्रिकेत येते, टिपा लिहिल्या जातात, गुण मिळतात. पण इएन आंगने ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेविषयी एका मासिकात जाहिरात देऊन डच प्रेक्षकांची ४२ पत्रे मिळविली आणि त्या पत्रांवर आपला ग्रंथ उभा केला, हे शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या गावातील चार पत्रे मागवावीशी वाटत नाहीत. सिद्धान्त आयात केला, पण ज्या कष्टातून तो निघाला ते कष्ट बंदरावरच उतरवून ठेवले.

पश्चिमेचे नावच नको असेल त्यांनी भरताकडे जावे. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा जो अध्याय आहे, त्यात प्रेक्षकाचे स्मित, अर्धहास्य, मोठा हशा, वाहवा, हळहळ यांची नोंद प्रयोगाच्या यशाची खूण म्हणून केलेली आहे. म्हणजे हशा हा भरताच्या लेखी समीक्षेचा पुरावा आहे. त्याच अध्यायात प्रयोगाचे परीक्षण करणारे प्राश्निक कोण असावेत याची यादी येते. तीत यज्ञ जाणणारा आहे, छंद जाणणारा आहे, व्याकरण जाणणारा आहे, चित्रकार आहे, गणिका आहे आणि राजसेवकही आहे. ज्या विषयाचे नाट्य, त्या विषयात मुरलेला माणूस त्याचा परीक्षक, हे तत्त्व यामागे आहे. सचिव आणि मंत्री यांच्यावरील नाट्याचा प्राश्निक आमच्या शहरात शोधायचा झाला तर तो विभागीय आयुक्त कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा तहसिलीत सापडेल. मराठी विभागात तो सापडेलच असे नाही.

असा एक राजसेवक माझ्या परिचयाचा आहे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, इंग्रजी बेताचे पण फायलीतले इंग्रजी पक्के. त्याचे मत असे की, सर हम्फ्री कधी खोटे बोलत नाही, तो फक्त टिप्पणी लिहितो. हे वाक्य ऐकून मी चमकलो. हम्फ्रीच्या लांबलचक, उपवाक्यांत उपवाक्ये गुंतविणाऱ्या बोलण्याला इंग्रजी प्रेक्षक ऑक्सफर्डची भाषा म्हणून हसतो. तो वर्गीय विनोद आहे, कारण हॅकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, आणि त्याबद्दल त्याला सारखे टोचले जाते. इथला कारकून त्याच वाक्यरचनेला ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘विचाराधीन’, ‘यथोचित कार्यवाहीस्तव सादर’ या शासकीय मराठीच्या कुळात नेऊन बसवितो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभाराची जी मराठी घडत गेली, तिची शैलीमीमांसा किती समीक्षकांनी केली आहे? एका कारकुनाने ती एका वाक्यात केली, आणि निमित्त बीबीसीच्या मालिकेचे झाले.

परंतु इथे थांबलो तर मी प्रेक्षकाची आरती ओवाळीत आहे असा समज होईल. तसे नाही. प्रेक्षकाचे मत ऐकायचे ते त्याच्याशी वाद घालण्यासाठी. ‘हे तर हुबेहूब आपलेच मंत्रालय’ हे मत या मालिकेविषयी सर्वाधिक ऐकू येते आणि मला तेच सर्वाधिक खटकते. ते अर्धे खरे आहे. मुंबईतील ज्या इमारतीला पूर्वी सचिवालय म्हणत, तिला मंत्रालय हे नाव शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७५ मध्ये मिळाले. नांदेडच्या या कडक शिस्तीच्या माणसाला इमारतीच्या पाटीवरचा सचिव पुसून तिथे मंत्री आणावासा वाटला, ही घटना हॅकरला निश्चितच समजली असती. पण उरलेले अर्धे चुकीचे आहे, आणि ते कसे हे दाखविणे हे समीक्षेचे काम होते.

मालिकेतील रुग्णालयाचा प्रसंग घ्या. एक नवे कोरे रुग्णालय, पाचशेच्या घरात कर्मचारी, आणि रोगी एकही नाही. तरीही त्याचा कारभार उत्तम चालला आहे, असे हम्फ्री शांतपणे पटवून देतो. स्टुडिओत हशाचा कल्लोळ होतो. हा हशा राज्यसंस्थेच्या फुगलेपणाचा आहे. माणसे फार, पैसा फार, काम नाही. सार्वजनिक निवड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्थशास्त्रीय विचाराचा जे यांच्यावर प्रभाव होता. नोकरशहा लोकहितासाठी राबत नसून स्वतःचे खाते वाढविण्यासाठी राबतो, हे त्या विचाराचे सूत्र मालिकेच्या जवळपास प्रत्येक भागात विनोद होऊन उतरले आहे. १९८४ मध्ये तिथल्या एका प्रेक्षक-संघटनेने या मालिकेला पारितोषिक दिले, तेव्हा त्या समारंभात खुद्द मार्गारेट थॅचर यांनी दोन्ही प्रमुख नटांसह एक छोटे प्रहसन सादर केले. ज्या पंतप्रधान बाई राज्यसंस्थेला कात्री लावीत होत्या, त्यांना हे प्रहसन प्रिय व्हावे यात नवल ते काय?

आता हाच प्रसंग ‘घाटी’च्या आसपास राहणाऱ्या माणसाने पाहिला असे समजा. मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून रोगी जिथे येतात, त्या परिसरातला हा प्रेक्षक. त्याच्या अनुभवात रोग्यांवाचून रुग्णालय नाही. असलाच तर डॉक्टरवाचून दवाखाना आहे. प्रादेशिक असमतोलाची पाहणी करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये जो अहवाल दिला, त्यातला ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून इथल्या बोलण्यात रुळला आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली तीही त्याच शब्दाच्या पोटातून. ज्या वर्षी लंडनमध्ये राज्य फार झाले म्हणून हसणे चालू होते, त्याच वर्षी इथे राज्य कमी पडले म्हणून हिशेब मांडला जात होता. तेव्हा हा प्रेक्षक स्टुडिओच्या हशात हशा मिसळतो, त्या क्षणी तो आपल्याच मागणीला हसत असतो काय? माझ्या कारकून मित्राला मी हे विचारले. तो म्हणाला की, रुग्णालयाच्या त्या भागात आपल्याला हसू आले नव्हते. आपल्याला तो फार लांबलेला वाटला होता. हॉलच्या त्रिविध वर्गीकरणात हे मत कुठे बसते? ते विरोधी नाही, तडजोडीचेही नाही. तो कंटाळला, एवढेच. कंटाळ्याला आमच्या मीमांसेत अजून कप्पा नाही.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे आणि ते या शहराचे आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मध्ये साडेपंधरा वर्षे गेली. योग्य वेळ आली नाही, परिस्थिती अनुकूल नाही, सर्वांना विश्वासात घ्यावे लागेल ही सगळी वाक्ये हम्फ्रीच्या तोंडी शोभणारी आहेत, आणि मालिका इथे पाहिली गेली तीही याच साडेपंधरा वर्षांत. नागसेनवनातील एखाद्या प्राध्यापकाने त्या काळी ती पाहिली असेल तर त्याला साम्य दिसल्यावाचून राहिले नसेल. पण हे साम्य फसवे आहे. ‘येस मिनिस्टर’च्या जगात ठराव अडतो तो एका हुशार सचिवामुळे. मराठवाड्यात ठराव अडला तो वस्त्या पेटविणाऱ्या, माणसे मारणाऱ्या जातीय सामर्थ्यामुळे. या मालिकेचा रूपबंधच असा आहे की कचेरीच्या दाराबाहेरचा समाज तिच्यात जवळजवळ येतच नाही. जात, जमीन, जमाव यांना तिथे जागा नाही. म्हणून जो प्रेक्षक ‘हे हुबेहूब आपलेच’ म्हणतो, तो नकळत आपल्या इतिहासातील हिंसा एका फायलीत बंद करतो. दलित समीक्षेने ‘सहृदय कोण, त्याची जात कोणती’ हा प्रश्न साहित्याला फार पूर्वी विचारला. तो दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्याला विचारण्याचे मात्र तिच्याकडूनही राहून गेले.

मराठी प्रेक्षकाजवळ दुसरे क्षितिज नव्हते असेही नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ १९७९ मध्ये आला, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. तिथे सत्ता मुख्यमंत्र्याच्या दालनातून निघून कामगारपुढारी, तस्कर, वर्तमानपत्र अशी गावभर फिरते. सचिव हा तिथे दुय्यम माणूस. तिथेही शेवटी एकजण हसतो. पत्रकार दिगू टिपणीसचे ते वेडे हसू आणि बीबीसीच्या स्टुडिओतले ते सुखवस्तू हसू शेजारी ठेवले की दोन राजकीय कल्पनांमधील अंतर डोळ्यांत भरते. दोन्ही पाहिलेली पिढी एकच होती. तिला विचारायला हवे होते.

हसणाऱ्याची जागा बदलली की काय होते, याचा एक मासला दूरदर्शननेच पुढे पुरविला. ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवर आधारलेली ‘जबान संभालके’ ही हिंदी मालिका १९९३ मध्ये आली. मूळ मालिकेत लंडनमधील रात्रवर्गात इंग्रजी शिकणारे परदेशी लोक, त्यांत भारतीयही, हशाचे धनी होते. हिंदी रूपांतरात पंकज कपूर हिंदीचे मास्तर झाले, आणि विजू खोटे यांच्या रूपाने एक मराठी माणूस विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसला. वसाहतीचा विनोद राष्ट्रभाषेचा विनोद झाला, बाक तेवढे तेच राहिले. हैदराबाद संस्थानात उर्दूतून शाळा शिकलेल्या, १९५६ नंतर पुण्याच्या मराठीपुढे आपली बोली चोरणाऱ्या, आणि रस्त्यावर दखनी ऐकत वाढलेल्या या शहराला तो बाक चांगला ओळखीचा होता. रूपांतराची आमची समीक्षा मात्र अजून ‘झुंझारराव’ मूळ ऑथेल्लोला किती धरून आहे या मोजमापातच रमलेली. ‘येस मिनिस्टर’चेही पुढे २००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’ झाले, फारुख शेख मंत्री झाले. पण तोवर खाजगी वाहिन्यांचा काळ आला होता आणि प्रेक्षकाचे मत म्हणजे टीआरपीचा आकडा, असे समीकरण रूढ झाले होते. समीक्षकांनी जे ऐकायचे नाकारले ते जाहिरातदारांनी मोजून घेतले. पण मोजताना ‘का’ हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नव्हते.

त्या विद्यार्थ्याचा निबंध मी नंतर मागवून वाचला. त्यात दोष पुष्कळ आहेत. मते जशीच्या तशी उतरविली आहेत, कोण बोलते आहे याचा सामाजिक तपशील कमी आहे, आणि स्त्रियांची मते जवळजवळ नाहीत. संच घरात होता, पण रात्रीच्या त्या वेळी घरातली बाई स्वयंपाकघरात होती की संचासमोर, हे त्याने विचारलेच नाही. हे दोष चर्चासत्रात दाखविता आले असते आणि निबंध सुधारला असता. ज्यांनी तो काळ एकाच वाहिनीवर काढला, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतली दोघे निबंध लिहून झाल्यानंतर वारली. विद्यार्थ्याने आता दुसरा विषय घेतला आहे. त्याची ती वही माझ्याकडे आहे, आणि ज्या कोणा संशोधकाला ती पुढे न्यायची असेल त्याला ती मी देईन.