बॅकअपच्या संगणकांची ओळख तपासत राहा

दवाखाना, शाळा, पतसंस्था, छापखाना किंवा हिशेबाचं कार्यालय अशा ठिकाणचे संगणक जे सांभाळतात, त्यांना हे आवाहन आहे. तुमच्यापैकी बरेच जण रोज रात्री बॅकअप घेत असतील. दिवसभराचा डेटा नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर जातो आणि सकाळी आपण निश्चिंत असतो. पण तो डेटा ज्याच्याकडे गेला तो आपलाच सर्व्हर होता का? आणि रात्री सर्व्हरला हाक देणारा संगणक खरोखर आपल्या कार्यालयातला होता का? ही खात्री दोन्ही बाजूंना साठवून ठेवलेल्या सर्टिफिकेटांवरून होते. एकदा बसवल्यावर मात्र त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. ही सर्टिफिकेटं सांभाळणं हा बॅकअपच्याच कामाचा भाग आहे, तो वेगळा समजू नका.

बॅकअप सर्व्हरवर सगळ्या संगणकांची माहिती एका जागी जमा होते, म्हणून चोराचं लक्ष तिथेच असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि पुढचे कित्येक दिवस तिथलं काम कागदावर करावं लागलं. तिथल्या ई-हॉस्पिटल या संगणक प्रणालीचा डेटा परत मिळाला, तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. शेवटचा आधार हाच असतो. त्याच्या दारात कोण येतं, हे पाहायलाच हवं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. प्रत्येक संगणकाकडे एक गुप्त की असते आणि तिच्या जोडीचं सर्टिफिकेट असतं. सर्टिफिकेटात संगणकाचं नाव, सार्वजनिक की आणि मुदत लिहिलेली असते. ते कोणालाही दाखवायला हरकत नाही. गुप्त की मात्र त्या संगणकाबाहेर जाता कामा नये. जोडणी होताना समोरचा संगणक, आपल्याकडे ती गुप्त की आहे, हे सही करून सिद्ध करतो. आपला संगणक ती सही साठवलेल्या सर्टिफिकेटाशी ताडून पाहतो, बँकेत चेकवरची सही नमुना सहीशी ताडतात तशी. सर्टिफिकेटाचा फिंगरप्रिंट म्हणजे त्याच्यावरून काढलेली अक्षर-अंकांची छोटी ओळ. सर्टिफिकेटातलं एक अक्षर बदललं तरी ही ओळ पूर्ण बदलते.

पहिली चूक पहिल्याच दिवशी होते. नवा संगणक सर्व्हरला जोडताना पडद्यावर फिंगरप्रिंट येतो, ‘विश्वास ठेवायचा का?’ असा प्रश्न येतो आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. त्या क्षणी मध्ये दुसराच कोणी बसला असेल, तर आपण त्यालाच कायमचा विश्वासू ठरवलेला असतो. म्हणून फिंगरप्रिंट दुसऱ्या वाटेने तपासा. सर्व्हरसमोर बसून त्याच्याच पडद्यावर वाचा, किंवा तिथल्या माणसाला ओळखीच्या नंबरवर फोन करून वाचून घ्या. ओळ पूर्ण जुळवा, शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून पुढे जाऊ नका. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर सुरुवातीला स्वतःच तयार केलेलं सर्टिफिकेट वापरतो, त्यामुळे त्याचा फिंगरप्रिंट जोडणाऱ्या संगणकात भरावा लागतो. एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून बॅकअप घेणाऱ्यांकडे विश्वासू सर्व्हरांची यादी एका साध्या फाइलमध्ये साठत जाते. दोन्हीकडे नियम एकच: आधी जुळवा, मग साठवा.

दुसरी चूक इशारा येतो तेव्हा होते. ‘समोरच्या संगणकाची ओळख बदलली आहे’ असा संदेश येतो, बॅकअप थांबतो, आणि घाईत कोणीतरी तपासणीच बंद करून टाकतं. कृपा करून असं करू नका. बदलाचं कारण साधं असू शकतं: सर्व्हरवर नव्याने सिस्टिम टाकली असेल, हार्डडिस्क बदलली असेल. २४ मार्च २०२३ रोजी प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबने आपली एसएसएचची एक की बदलली, कारण ती थोड्या वेळासाठी सार्वजनिक ठिकाणी उघडी पडली होती. त्या दिवशी जगभरच्या प्रोग्रॅमरांना हाच इशारा दिसला. खबरदारी घेणाऱ्यांनी गिटहबने जाहीर केलेला नवा फिंगरप्रिंट जुळवला, यादीतली तेवढीच जुनी नोंद काढली आणि नवी घातली. तुम्हीही तसंच करा. काम थांबवा, सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा, जुळवा आणि मग ती एकच नोंद बदला. अख्खी फाइल पुसू नका. ओपनएसएसएचमध्ये २०१७ पासून अशी सोय आहे की अगदी नवा सर्व्हर आपोआप स्वीकारला जातो, पण ओळख बदललेला सर्व्हर नाकारला जातो. बॅकअप आपोआप चालवायचाच असेल, तर तपासणी पूर्ण बंद करण्यापेक्षा ही सोय कितीतरी बरी. पहिला फिंगरप्रिंट हाताने जुळवलेला असेल, तर त्याहूनही उत्तम.

तिसरी गोष्ट मुदतीची. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. एरिक्सनने पुरवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटाची मुदत संपली होती. तिथे निदान लगेच कळलं. बॅकअपच्या बाबतीत मुदत संपली तर आरडाओरडा होत नाही. रात्री जोडणी नाकारली जाते, लॉगमध्ये एक ओळ पडते आणि कार्यालय नेहमीप्रमाणे चालू राहतं. फाइल हरवते त्या दिवशी समजतं की मागच्या कित्येक महिन्यांचा बॅकअपच नाही. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेटाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि महिनाभर आधीची आठवण लावा.

सार्वजनिक संस्थेकडून सर्टिफिकेट घेत असाल तर एक ध्यानात ठेवा. लेट्स एनक्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, आणि अशा सर्व सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. नूतनीकरणानंतर फिंगरप्रिंट बदलतो. तोच फिंगरप्रिंट दहा संगणकांत भरून ठेवला असेल, तर दर वेळी दहाही बॅकअप अडतील. तिथे सर्व्हरचं नाव आणि देणाऱ्या संस्थेची सही तपासू द्या. फिंगरप्रिंट भरून ठेवायचा तो स्वतः तयार केलेल्या दीर्घ मुदतीच्या सर्टिफिकेटाचा. घड्याळाकडेही पाहा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं.

चौथी गोष्ट, गेलेल्या संगणकांची. लॅपटॉप भंगारात दिला, नोकरी सोडलेल्या माणसाचं मशीन दुसऱ्याला दिलं, पण सर्व्हरच्या यादीत त्याचं सर्टिफिकेट तसंच राहिलं. त्या डिस्कवरची गुप्त की ज्याच्या हाती पडेल, तो तुमच्या सर्व्हरकडे तुमच्याच नावाने जाईल. मशीन कार्यालयाबाहेर जायच्या आधी डिस्क पुसा आणि त्याची नोंद प्रत्येक सर्व्हरवरून काढा. तुम्ही स्वतःच सर्टिफिकेटं सही करून देत असाल, तर नुसती फाइल काढून भागत नाही. ते सर्टिफिकेट रद्द झाल्याची यादी तयार करून ती सगळ्या सर्व्हरांपर्यंत पोहोचवावी लागते.

एका संगणकाची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवून नवे संगणक तयार करण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यात गुप्त कीही उतरते आणि चार संगणकांची ओळख एकच होऊन बसते. प्रत्येकावर नवी की तयार करा. की तयार करणारं सॉफ्टवेअरही अद्ययावत ठेवा. डेबियन लिनक्समध्ये २००६ ते २००८ या काळात एका दोषामुळे मोजक्याच, सहज अंदाज करता येतील अशा की तयार होत होत्या. दोष दुरुस्त झाल्यावरही जुन्या की आपोआप सुधारल्या नाहीत, त्या शोधून बदलाव्याच लागल्या.

सर्टिफिकेट हरवलं तर घाबरू नका, नवं करता येतं. पण बॅकअप एनक्रिप्ट करणारी की हरवली तर डेटा गेलाच. ती त्याच सर्व्हरवर किंवा त्याच बॅकअपच्या आत ठेवून चालणार नाही. छापून कुलूपबंद कपाटात ठेवा.

आता या सगळ्याची एक वही घाला. संगणकाचं नाव, जागा, पूर्ण फिंगरप्रिंट, सर्टिफिकेटाची शेवटची तारीख, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन एवढे रकाने पुरतात. महिन्यातून एकदा वही आणि सर्व्हरवरची यादी समोरासमोर ठेवून जुळलेल्या नोंदींवर खुणा करा. वहीत नसलेलं नाव सर्व्हरवर दिसलं, तर त्याच दिवशी त्याचा छडा लावा.

शेवटी बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपचं एक महत्त्वाचं काम आधीपासूनच बंद पडलेलं निघालं. ते फसल्याचे ईमेल जात होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. एवढ्या जाणत्या कंपनीला हे डेटा जाईपर्यंत कळलं नाही, तर आपणही फक्त ईमेलवर विसंबू नये.

यासाठी नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही. या आठवड्यात एक दुपार काढा, सर्व्हरसमोर बसा, यादी उघडा आणि वही सुरू करा. आणि तपासणी कुठे बंद करून ठेवली असेल, तर ती आजच पुन्हा चालू करा.