अडलं तर कुणाला विचारायचं?

प्रोग्रामर म्हणजे माणूसघाणा, हा समज आपल्या व्यवसायानेच पोसला. १९६६ मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या आणि माणसांत रस नसणे हे त्यांचे ठळक लक्षण ठरवले. पुढे हाच निकष भरतीच्या चाचण्यांत शिरला. एकलकोंडी माणसे निवडून घ्यायची आणि मग हा धंदाच एकलकोंड्यांचा म्हणायचे, असा तो प्रकार! प्रत्यक्ष काम मात्र वेगळेच सांगते. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ च्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’मध्ये एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकिकत दिली आहे. खाण्यापिण्याच्या यंत्रांपाशी विद्यार्थी गोंगाट करतात, अशी तक्रार आली म्हणून यंत्रे हलवली. थोड्याच दिवसांत सल्लागारांपुढे रांगा लागल्या. गप्पांच्या त्या घोळक्यात एकमेकांचे बगही सुटत होते, हे घोळका मोडल्यावर कळले.

आपले घोळके न बोलता विरले. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांवर अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या नोंदींचा अभ्यास सांगतो, की घरून काम सुरू झाल्यावर संपर्क आपापल्या गटापुरते आक्रसले, थेट संभाषण घटले आणि ईमेल-चॅट वाढले. त्यात आता एआयची भर. अडलेला ज्युनियर शेजाऱ्याला हाक मारत नाही. त्याला उत्तर मिळते, ओळख मात्र कुणाशीच होत नाही.

कोड लिहायला शांतता लागते, हा आक्षेप रास्त आहे. डीमार्को आणि लिस्टर यांनी ‘पीपलवेअर’ या पुस्तकात तो १९८७ मध्येच मांडला. पण दोन तास कुणी त्रास देऊ नये आणि दिवसभर कुणी विचारूच नये, यांत फरक आहे. सगळ्यांना ऑफिसात बोलावणे हाही उपाय नव्हे. हिंजवडीच्या कोंडीतून पोहोचून हेडफोन लावून त्याच कॉलवर बसण्याने कुणाचा एकटेपणा गेला? खरी गाठ वेगळीच आहे. एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवरच्या अभ्यासात दिसले, की सहकारी जवळ बसले तर कोडवर अभिप्राय जास्त मिळतात, विशेषतः नवख्यांना. पण अनुभवींचे स्वतःचे कोड लिहिणे कमी होते. म्हणजे सोबतीची किंमत सीनियर मोजतो आणि अप्रेझलमध्ये ती कुठेच धरली जात नाही. टीम लीड मंडळींनी पुढच्या अप्रेझलपासून शिकवण्यात, रिव्ह्यूत गेलेला वेळ कामाचे तास म्हणूनच मोजावा.