आमचे मिस्टर, तुमच्या मिसेस

परवा रात्री फोन वाजला. शेजारच्या इमारतीतल्या वहिनी होत्या. "अहो, आमचे मिस्टर आलेत का तुमच्याकडे?" आमच्याकडे तेव्हा रमीचा डाव रंगला होता आणि मला धरून एकूण पाच मिस्टर बसले होते. नेमका कुठला पाठवू?

चेष्टा सोडा, पण या शब्दावर माझा जुना दात आहे. इंग्रजीत 'मिस्टर' म्हणजे मुळात नवरा नव्हे, नुसता श्रीयुत. लग्न झालेला, न झालेला, होण्याची आशा सुटलेला, सगळे मिस्टरच. तेव्हा 'आमचे मिस्टर गावाला गेलेत' म्हणजे 'आमचे श्रीयुत गावाला गेलेत'. साहेब निघून गेला, पण जाताना विसरलेली त्याची टोपी आपण नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, ती अजून उतरवलेली नाही.

'मिसेस'ची कथा आणखी मजेशीर. हा मूळचा 'मिस्ट्रेस' म्हणजे मालकीण. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात या उपाधीचा लग्नाशी संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं; अविवाहित पण घरदार सांभाळणारी पोक्त बाईसुद्धा मिसेस म्हणवून घेई. बोली इंग्रजीत 'मिसस' म्हणजे बायको हा अर्थ आहे, पण घरातले नोकर बाईसाहेबांना म्हणत तोही हाच शब्द. म्हणजे 'मिसेसना विचारून सांगतो' असं म्हणणारा गृहस्थ नकळत खरं तेच बोलत असतो! (हे मी घरी बोललेलो नाही.)

कुणी म्हणेल, मराठीत सोयीचा शब्द कुठाय? नाही कसा? नवरा आहे, बायको आहे. चांगले ठणठणीत, वापरून गुळगुळीत झालेले शब्द. पण चारचौघांत 'माझा नवरा' म्हटलं की आपल्याकडे बायकांना उगीच उघडं पडल्यासारखं वाटतं आणि 'माझी बायको' म्हणणारा पुरुष गावंढळ ठरतो. ही लाज जुनीच आहे. आमची आजी 'इकडून', 'तिकडची स्वारी' यावर निभावून नेई. आजोबा तिला 'कुटुंब' म्हणत. एकट्या बाईला अख्खं कुटुंब! संस्कृतवाल्यांनीही कमी केलेली नाही. 'दारा' म्हणजे बायको, पण शब्द पुल्लिंगी आणि चालतो बहुवचनात. 'कलत्र' म्हणजेही बायकोच, पण नपुंसकलिंगी. 'भार्या' म्हणजे जिला पोसायचं ती आणि 'पती' म्हणजे मालक. त्यापेक्षा आपला नवरा बरा. त्यात निदान नवा वर असल्याची आठवण तरी शिल्लक आहे.

तर अशी लंबीचौडी भाषणं मी गेली कित्येक वर्षं मित्रमंडळींत ठोकत आलो आहे. आणि स्वतः? स्वतः मी 'आमच्या मिसेस' असंच म्हणतो. घरात 'अगं', बाहेर 'मिसेस'. संसार या दोन शब्दांत बसतो, असा माझा समज होता.

गेल्या पावसाळ्यात ही बाथरूममध्ये घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. हॉस्पिटलात खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?"

"मिसेस आहेत."

"हो, पण नाव?"

मी आडनाव सांगितलं.

"काका, आडनाव नको. नाव सांगा."

आणि सांगायला नको, पण सांगतो. माझी जीभ अडली. तसं नाव मला ठाऊक होतं. नव्हे, ते मीच ठेवलं होतं! 1974 साली, भरल्या मांडवात, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून. तिचं माहेरचं साधंसं नाव पुसून मी एक चार अक्षरी काव्यमय नाव तिच्या माथी मारलं, आणि त्यानंतर एकदाही त्या नावानं तिला हाक मारली नाही. उखाण्यात माझं नाव तिनं शंभरदा घेतलं असेल. माझ्यावर ती वेळ फक्त पाहुण्यांनी घास अडवला तेव्हा आली होती, आणि तेव्हाही मी जिलबीचं निमित्त काढून सटकलो होतो.

मागं रांग वाढत होती. मुलीनं पेन टेबलावर आपटलं. बाकावर दुखरा हात मांडीवर धरून बसलेली ही माझ्याकडे बघत होती. कळवळत होती, पण तिच्या तोंडावर मला चक्क हसू दिसलं.

"सांगा ना, मिस्टर," ती म्हणाली. "आणि माहेरचं सांगा. आधार कार्डावर मी तेच ठेवलंय."