रिपोर्टआधीच पिशवी!

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक! याच बाया हंगामात सातारा-सांगलीच्या फडांत कोयता चालवतात. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेल्या आणि ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हे ऐकून आल्या, असे अनेकींनी सांगितले.

प्रश्न साधा आहे. कॅन्सरची भीती घालणाऱ्यांनी यातल्या किती जणींची पेशीतपासणी केली होती?

पांढरे जाण्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो. पॅप स्मिअरला लागते ते लाकडी स्पॅच्युला, काचपट्टी आणि अल्कोहोलची बाटली. गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर पसरायच्या आणि ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. हवेत वाळल्या तर पेशी फुगतात, वाचन फसते. पेशी बिघडलेल्या दिसल्या तरी पुढची पायरी कॉल्पोस्कोपी आणि बायॉप्सीची; पिशवी काढण्याची नव्हे.

महाग असते ती काच वाचणारी नजर. ती घडायला वर्षे लागतात. पण मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. फडापासून हे अंतर फार नाही. अल्कोहोलमध्ये नीट बसवलेली काच प्रवासही सोसते. बाईला मात्र खाडा सोसत नाही. मुकादमाची उचल फिटायची असते. आणि रिपोर्ट येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. स्थलांतरित बाईची पेशीतपासणी अडते ती इथे, प्रयोगशाळेत नव्हे.

खेड्यात हे जमत नाही, ही सबब तर खपवून घेऊच नये. जिथून काही टोळ्या येतात त्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ महिलांवर अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, पॅप स्मिअरच्या गटात ५४, आणि तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटात ६४. (तपासणीविना ठेवायला गरिबांच्याच बाया कशा सापडतात, हेही विचारले पाहिजे.) तेव्हा आधी एचपीव्ही, आणि ती सदोष आली तर काच, हा क्रम शहाणपणाचा. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते.

राहिला पत्त्याचा प्रश्न. कोणत्या टोळीने किती टन ऊस घातला, याची नोंद कारखान्याच्या काट्यावर बिनचूक होते. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे शासनाने ठरवले आहे. त्याच टोळीच्या नोंदीला बाईचा रिपोर्ट जोडा. मिरजेहून आलेला कागद तिच्या खोपीपर्यंत पोचवणे मग स्लिपबॉयलाही जमेल.